चुका छापणारे सर

परवा ऑफिसात एका प्लगइनची, म्हणजे जोडप्रोग्रामची, जुळवाजुळव चालली होती. काम सोपं आहे. प्रोग्रामची माहितीपुस्तिका लिहिताना आपण मध्ये नुसती कमांड लिहायची. पुस्तिका तयार होताना ते प्लगइन ती कमांड खरोखर चालवतं, आणि टर्मिनलच्या पडद्यावर जे उमटेल ते जसंच्या तसं उचलून पानात चौकट करून बसवतं. माझ्या हाताखालची मुलगी हुशार आहे. तिने चौकटीची रुंदी ठरवली, रंग ठरवले, लांबलचक मजकूर कुठे तोडायचा तेही ठरवलं, आणि मान न वळवता विचारलं, "मॅडम, एररवाले आउटपुट गाळून टाकू ना? क्लायंटसमोर बरं दिसत नाही."

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असावे, कारण ती दचकली. मग दुपारभर ती माझ्याशी जपून बोलत होती. तिला काय सांगणार? तिच्या दृष्टीने हे सगळं कालपरवाचं. मी हेच काम नव्वदच्या दशकात नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडवरच्या दोन खोल्यांत चालताना पाहिलेलं आहे. तेव्हा त्याला प्लगइन म्हणत नव्हते. त्याचं नाव होतं 'पंच', आणि तो लिहिणारे सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर चपला काढून मांडी घालून बसायचे. त्या दिवशी मला सरांची इतकी आठवण आली की डबा तसाच घरी परत नेला.

सर मूळचे पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठाला त्यांची पेरूची बाग होती. पुण्याला शिकले, तिथल्या एका मोठ्या कंपनीत राहिले, आणि एक दिवस उठून नगरला परत आले. का आलात म्हणून विचारलं की म्हणायचे, "पुन्यात पेरू लई म्हाग." पुण्याला शिकून आलेल्या माणसाची भाषा बहुधा इस्त्री होऊन येते. सरांनी 'हाय' आणि 'न्हाई' जसं नेलं तसंच, एकही घडी न मोडता परत आणलं. फ्लॉपीच्या रिकाम्या डब्यात त्यांचे पेरू असत आणि झाकणात मिठाची पुडी. मी नवीन असताना त्या डब्यात बॅकअप शोधायला गेले होते.

आमची कंपनी म्हणजे मालक, सर, मी आणि दोन वायरमन. कारखान्यांच्या भट्ट्या सांभाळणारं एक यंत्र आम्ही बनवायचो. त्याला हिरव्या अक्षरांचं टर्मिनल जोडलेलं असे. भट्टीवरच्या माणसाने कमांड टाइप करायची आणि पडदा काय सांगतो ते पाहून पुढचं करायचं. प्रोग्राम सरांचा, आणि तो कसा वापरायचा याचं मराठी पुस्तक लिहायचं काम माझं. मी नुकती बी.एस्सी. झाले होते आणि आपल्याला पुष्कळ येतं अशी माझी समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, "भट्टी तयार झाल्यावर तशा अर्थाचा संदेश पडद्यावर दिसेल." सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"तशा अर्थाचा म्हंजे कसा गं?"

"म्हणजे... तयार आहे, असा."

"उद्या तुझ्या घरी तुझ्या मामासारखा कोनीतरी आला, तर त्याला जेवायला वाढशील का?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग? हुबेहूब मामा पायजे. पडद्यावर जे हाय ते अन् तेवढंच कागदावर पायजे. एक टिंब इकडंतिकडं झालं तर पलीकडचा मानूस म्हनंल, माझ्याच हातून काहीतरी मोडलं."

पण हाताने उतरवून घेताना टिंब इकडेतिकडे होतंच. त्यात सर दर चार दिवसांनी प्रोग्राम बदलायचे, की पुस्तक पुन्हा खोटं पडायचं. म्हणून त्यांनी पंच लिहिला. मी मराठी मजकुरात एका ओळीवर खूण करून कमांड लिहायची. पंच तिथे थांबायचा, ती कमांड भट्टीच्या यंत्राला द्यायचा आणि पडद्यावर उमटलेलं सगळं त्या जागी आणून ठेवायचा. नाव पंच का, तर पंचनाम्यात पंच मत देत नाहीत. जागेवर जे दिसलं ते लिहितात. पंचाची एक वेगळी फाईल होती. किती अक्षरांवर ओळ मोडायची, यंत्राला उत्तर द्यायला किती वेळ द्यायचा, कोरा भाग ठेवायचा की कापायचा, चुकांचे संदेश दाखवायचे की गाळायचे, असल्या सूचना तिच्यात असत. प्रोग्रामपेक्षा सरांचा जीव त्या फाईलवर जास्त. तिच्यातला एखादा आकडा बदलायचा तर ते आधी हात धुऊन येत.

दिसण्यावरची त्यांची ही श्रद्धा ऑफिसपुरती नव्हती. फोनवर कोणी घाबऱ्या घाबऱ्या सांगायला लागलं की सर म्हणत, "काय झालं ते ऱ्हाऊ दे. काय दिसतंय ते सांग." हेच ते घरच्या, दारच्या, सगळ्या भानगडींना लावायचे. एकदा मला बघायला आलेल्या मंडळींचा निरोप येईना म्हणून मी रडवेली होऊन बसले होते.

"त्यांना मी आवडले नाही," मी म्हणाले.

"तसं म्हनले का?"

"नाही."

"मंग काय दिसलं?"

मी आठवून सांगितलं, "मुलाच्या आईने पोह्यांची बशी अर्धी ठेवली."

"मंग पोह्यात मीठ कमी पडलं असंल," सर म्हणाले आणि झाकणातली पुडी माझ्यापुढे सरकवली. चार दिवसांनी नकार आलाच. तेव्हा म्हणाले, "बरं झालं. अन्न टाकनारी मानसं." म्हणजे स्वतः मत देणार नाहीत असं नव्हतं. फक्त आधी पंचनामा, मग मत.

आमचं पहिलं यंत्र ज्या कारखान्यात बसणार होतं, त्याच कारखान्यात भट्टीवर माझे वडील होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची शाळा सातवीपर्यंत. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की मराठी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांचंच, पण इंग्रजीशी संबंध नव्हता. आणि टर्मिनलची अक्षरं सगळी इंग्रजी. कारखान्याने सरळ सांगितलं होतं, ज्याला टर्मिनल जमेल तो भट्टीवर राहील, ज्याला जमणार नाही त्याला पॅकिंगला पाठवू. पगार तोच. पण आयुष्य भट्टीवर घालवलेल्या माणसाने खोक्यांना पट्ट्या मारत बसायचं, ही कल्पनाच अण्णांना सहन होत नव्हती. घरात ते बोलायचे नाहीत. जेवताना हात मध्येच थांबायचा, एवढंच.

सरांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना इंग्रजी कशाला पायजे? चित्र जुळवता येतं ना? पडद्यावरचं अन् पुस्तकातलं सारखं दिसलं की खाली मराठीत वाचायचं, काय करायचं ते." आणि मला तेव्हा कळलं की तो टिंबाचा हट्ट कोणासाठी होता. अण्णांची त्यांची ओळखही झालेली नव्हती. अशा माणसासाठी आधीपासून जागा करून ठेवलेली पाहिली की आपण त्याचं कायमचं देणं लागतो. मी तरी लागते.

पुस्तकाचा कच्चा खर्डा घेऊन आम्ही कारखान्यात रंगीत तालमीला गेलो. अशा वेळी सर मागे एका उपड्या क्रेटवर बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मोकळे राहिले तर बोट आपोआप पडद्याकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी पहिलं पान उघडलं, पडदा पाहिला, पान पाहिलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. बराच वेळ तसेच.

"अण्णा, दाबा ना पुढचं," मी म्हणाले.

"थांब. वेळ व्हायचीय आजून."

कसली वेळ ते मला समजेना. मग पानावर बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असायचं, आणि पंचाने ते घड्याळही इमानदारीने उचलून आणलं होतं. पुस्तकात पावणेबारा वाजले होते, पडद्यावर सव्वादहा. सगळं सारखं दिसायला हवं म्हटल्यावर अण्णा पावणेबारा वाजायची वाट बघत उभे होते. कारखान्याचे दोघे-तिघे फिदीफिदी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर हसले नाहीत. उठून अण्णांजवळ गेले. "मामा, तुमचं बराबर हाय. आमच्या पंचाला अक्कल न्हाई."

परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि घड्याळाच्या जागी रेघा येतील अशी सूचना फाईलमध्ये घातली. पुढच्या तालमीत दुसऱ्या पाळीचा माणूस पडद्यावर रेघा शोधत बसला. शेवटी ती जागा कोरी ठेवून तिच्यात बारीक मराठीत छापलं, "इथं घड्याळ असतं. त्याच्याकडं बघू नका." हे वाक्य सरांचं. मी 'दुर्लक्ष करावे' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. म्हणाले, "तुझ्या अण्णांशी तू असं बोलतीस का?"

भांडण झालं ते चुकांच्या पानांवरून. वीज गेली, दार नीट लागलं नाही, तापमान भलतंच चढलं, तर यंत्र काय संदेश देईल ते सर मुद्दाम करून बघायचे. तारा उपटायचे, दार उघडं ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी पंचाकडून पडदा पानावर आणवायचे. पुस्तकाचा निम्मा भाग त्याचाच झाला. मालकांनी ते जाडजूड बाड चाळलं आणि कपाळाला हात लावला. मालक वाईट नव्हते. घरातले दागिने गहाण टाकून त्यांनी कंपनी काढली होती. यंत्र चालू करायच्या दिवशी दुसऱ्या दोन कारखान्यांचे लोक ते बघायला येणार होते, आणि हेच पुस्तक त्यांच्या हातात पडणार होतं.

"सर, एवढ्या चुका छापायच्या? मुलगी दाखवताना तिची दुखणी कोणी सांगतं का?"

"दाखवताना न्हाई सांगत," सर म्हणाले. "पन नांदायला धाडताना औशिधाची पिशवी देतोच की आपन."

"सगळं ठीक चाललंय तेवढं छापा. बिघडलं तर आपल्याला फोन करतील."

"सगळं ठीक चाललेलं असताना पुस्तक उघडतं कोन?"

संध्याकाळी मालकांनी स्वतः पंचाची फाईल उघडून चुकांच्या ओळीपुढे 'गाळा' असं केलं आणि पुस्तक छापून घेतलं. सडपातळ, सुबक, वर निळं पुठ्ठ्याचं कव्हर. सकाळी सरांनी ते हातात घेऊन नुसतं वजन पाहिलं. उघडलंही नाही.

"पंचाला खोटं बोलायला लावलं तुमी," ते म्हणाले.

"सर, मी हात जोडतो. हेच पुस्तक जाईल. ते जाडं तिथे दिसलं तर मग आपलं जमणार नाही."

"व्हय," सर म्हणाले. इतकंच. मग फाईलमधला शब्द परत बदलला आणि प्रिंटर चालू केला. त्या प्रिंटरचा करकराट दुपारपर्यंत चालला होता. मालक आपल्या खोलीत दार लावून बसले होते आणि मी कागदांच्या कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडत होते. सर जाणार हे त्या दोन खोल्यांत आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी म्हणाले, "सर, अण्णांना मी तोंडी शिकवीन. घरीच तर आहेत." ते म्हणाले, "तुझ्या अण्णांना तू शिकवशील. बाकीच्यांच्या पोरी कुठं हायत इथं?"

यंत्र चालू करायच्या दिवशी सगळे होते. मालक, पाहुणे, कारखान्याचे मॅनेजर. निळं पुस्तक मॅनेजरच्या हातात, जाडं बाड भट्टीशेजारी अण्णांच्या स्टुलावर. सर क्रेटवर, हात मांड्यांखाली. सुरुवात झक्क झाली, पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि मग नागापूरची वीज नागापूरसारखी वागली. दिवे एकदा मिटले आणि परत आले. पडद्यावर एक लांबलचक ओळ येऊन लुकलुकायला लागली आणि भोंगा सुरू झाला. मॅनेजर निळं पुस्तक उलटंपालटं करू लागले. त्यात ती ओळ नव्हतीच. भट्टीत लाल झालेला माल होता.

अण्णांनी बाड मांडीवर घेतलं. मी पुढे सरकले, पण सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बोलायचं नाही. अण्णा एकेक पान डोळ्यांपुढे धरत, पडद्याकडे बघत, पुढचं उलटत. एका पानावर थांबले. बोट ठेवलं, पडदा पाहिला, पुन्हा बोट पुढे. अक्षरामागून अक्षर, ओळ संपेपर्यंत. मग खालचं मराठी आमच्या विहारात पेपर वाचतात तसं मोठ्याने वाचलं, "घाबरू नका. माल खराब झालेला नाही. आधी दार लागलंय का बघा." दार बघितलं. पुढची ओळ वाचली, कळ दाबली. भोंगा बंद झाला आणि हिरवे आकडे पुन्हा चढायला लागले.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मांडीखालचे हात काढले होते आणि दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले होते.

अण्णा भट्टीवरच राहिले. पाहुण्यांनी मात्र जाताना ते बाड चाळलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि नंतर त्यांच्याकडून ऑर्डर काही आली नाही. मालकांनी आपला शब्द पाळला. सर दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. फ्लॉपीचा डबा तेवढा नेला होता.

अण्णांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "आपन त्यांना घिऊन येऊ." तोवर त्यांच्या कारखान्यात दुसरी भट्टी यायचं ठरलं होतं, आणि आता निळं पुस्तक नको, ते जाडंवालं करणाऱ्यालाच बोलवा, असं मॅनेजर स्वतः म्हणत होते. रविवारी आम्ही पॅसेंजरने पुणतांब्याला गेलो. अण्णांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला होता.

सर बागेत होते. डोक्याला पंचा, हातात पेरू काढायची आकडी. आम्हाला पाहून त्यांना इतका आनंद झाला की ते लपवायला आधी आम्हाला ओरडले, उन्हाचे का आलात म्हणून. त्यांच्या आईने आम्हाला बसवून पिठलं-भाकरी वाढली. सर अण्णांच्या ताटाला ताट लावून बसले आणि भोंगा वाजला तेव्हा कुठल्या पायावर उभे होतात इथपर्यंत सगळं विचारून घेतलं.

"साहेब," अण्णा म्हणाले, "लई भ्या वाटलं हुतं. पन पुस्तकात लिवलेलं, घाबरू नका. मंग म्हनलं, कोनीतरी आधी इथं यिऊन गेलंय."

सर ताटातल्या भाकरीकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "यांना अजून वाढ."

निघायच्या आधी मी विषय काढला. दुसरी भट्टी, मॅनेजरचं बोलावणं, सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि पिशवीत पेरू भरायला लागले.

"पंच हाय ना तुझ्यापाशी? फाईल हाय. तू कमांड लिही, तो चालवंल. माझ्याबिगर चालावा म्हनूनच केलाय त्यो. त्याला माझी गरज न्हाई."

"त्याला नसेल," मी म्हणाले. "मला आहे."

एवढं बोलायचं धैर्य माझ्यात कुठून आलं कोण जाणे. अण्णा उठून बांधाकडे गेले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. सर एक पेरू हातात फिरवत राहिले, खूप वेळ. माझ्याकडे बघून हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "तुला वाटतीया तेवढी न्हाई."

स्टेशनपर्यंत पिशवी त्यांनीच उचलून आणली. ते नगरला परत आले नाहीत. दुसऱ्या भट्टीचं पुस्तक मी एकटीने केलं, तिसरीचंही, चुकांच्या पानांसकट. पुढे नोकरीने मला पुण्याला आणलं, लग्न झालं, येते-येते म्हणत पुणतांब्याला जायचं राहून गेलं. एक दिवस अण्णांचा फोन आला, सर गेले म्हणून. अण्णा बोलत होते आणि मी ऑफिसातल्या जिन्यावर बसून रडत होते. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते.

आज त्या कामातलं मला अडतं असं काही नाही. ऑफिसातल्या मुली मला विचारायला येतात आणि मला उत्तरं येतात. 'तेवढी न्हाई', हे कामाच्या बाबतीत सरांचंच बरोबर होतं. पण मला त्यांची गरज कामासाठी नव्हती.